आवक-जावक

आमच्या भाच्याचं धाराशिवात कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं आणि फुकटचा सल्ला एवढा माल तिथं मिळतो. त्यातला सल्ला त्याने आता यंत्राच्या स्वाधीन केला आहे. शेतकऱ्याने मोबाइलवर प्रश्न लिहायचा, उत्तर कृत्रिम बुद्धिमत्तेने द्यायचं. तीही एक नव्हे, तीन. एक मॉडेल स्वस्त नि चटपटीत, एक मध्यम, एक महागडं नि विचार करून बोलणारं. तिघांची खिडकी एकच, तिला एपीआय म्हणतात. आलेला प्रश्न कोणाकडे धाडायचा हे ठरवायला मध्ये ‘राउटर’ बसवलेला.

हे भाच्याने मला तासभर समजावलं. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाला ते पहिल्याच मिनिटात कळलं होतं. उरलेली एकोणसाठ मी मामा या नात्याने ऐकली. फरक इतकाच, की इथले नियम एका फाइलीत असतात आणि हवे तेव्हा बदलता येतात. शिवाय एक मॉडेल बंद पडलं की प्रश्न आपसूक पुढच्याकडे जातो. आमच्याकडे टेबलवाला रजेवर गेला की कागदही रजेवर जाई.

बिल टोकनांवर, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांवर. ओपनएआयनेच २०२४ च्या मे महिन्यात दिलेला हिशेब असा : एकच मजकूर जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ टोकनांचा, तर मराठीत ९६ चा, नव्या पद्धतीत मराठी ३३ वर उतरली. तरी भाचा काटकसरी. त्याचा नियम : आखूड प्रश्न स्वस्ताकडे, लांबलचक महागड्याकडे.

नियम वाचला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. आमच्याकडे लांबलचक लिहितात ते निवृत्त मास्तर. दुकान किती वाजता उघडतं हे विचारायलासुद्धा ते आई तुळजाभवानीच्या कृपेपासून सुरुवात करतात. ज्याचं पीक हातचं चाललंय तो लिहितो, “सोयाबीन पिवळं पडलंय. काय मारू?”

आता सोयाबीन चुनखडीच्या रानात लोह मिळेना म्हणून पिवळं पडतं, पाणी साचून पडतं, आणि पांढऱ्या माशीने पिवळा मोझॅक आणला तरी पडतं. एकाला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्याला पाण्याचा निचरा, तिसऱ्यात रोगट झाडं उपटून माशीचा बंदोबस्त. आम्ही तोच प्रश्न दोघांना घालून पाहिला. स्वस्ताने डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं, “युरिया टाका.” महागड्याने उलट विचारलं, “कोवळी पानं पिवळी की जुनी? शिरा हिरव्या आहेत का? रानात पाणी साचलंय?”

“मामा, सगळंच त्याच्याकडं धाडलं तर माझं दुकान उठंल की!”

“आणि नाही धाडलं तर त्याचं रान उठंल.”

मग फाइल बदलली. शब्द मोजणं बंद. पिवळं, करपलं, वाळलं असं काही दिसलं की थेट महागड्याकडे. भाव आणि वेळा स्वस्ताकडे, मास्तरही तिकडेच. औषधाचं प्रमाण मात्र कुठल्याच मॉडेलने सांगायचं नाही, तो प्रश्न भाच्याच्या फोनवर. भाचा रात्री दहाला बंद पडतो. त्याच्यापुढे फाइलीत कोणाचा नंबर घातला आहे, हे मला परवा साडेअकराला समजलं.