आधी तिखट, मग हळद

मस्कतला आलेल्या आपल्या मंडळींना समुद्राचं वेड लागायला वेळ लागत नाही. पहिल्या वर्षी किनाऱ्यावर भेळ, दुसऱ्या वर्षी लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग आणि तिसऱ्या वर्षी पाण्याखाली चालणारा कॅमेरा, असा हा क्रम. यंदा दमानियात बेटांच्या सहलीनंतर अकरा कुटुंबांनी आपापल्या क्लिप्स माझ्याकडे दिल्या. संमेलनासाठी त्यांची दहा मिनिटांची फिल्म करायचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. कारण काय, तर मी केमिस्ट, मला रंगातलं कळतं!

क्लिप्स पाहिल्या तर सगळं निळं-हिरवं. लाल टी-शर्ट चॉकलेटी, माणसांचे चेहरे तापातून उठल्यासारखे. दोघांनी तर कॅमेरा बिघडला म्हणून दुकानात परत न्यायची तयारी केली होती. मंडळी, कॅमेरा बिघडलेला नाही. रंग पाण्याने खाल्ला आहे.

पाण्याच्या रेणूतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सतत कंप पावत असतात आणि त्या कंपनांपायी तांबडा प्रकाश थोडा थोडा शोषला जातो. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश १ मीटरनंतर सुमारे ७१ टक्के उरतो, ५ मीटरनंतर १८ टक्के आणि १० मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. ४५० नॅनोमीटरचा निळा मात्र १० मीटरनंतरही ९० टक्क्यांच्या वर शाबूत. मिसळणाचा डबा घेऊन बुडी मारलीत, तर आधी तिखट काळपट पडेल, मग हळद फिकी होईल. फ्रेंच सागरसंशोधक झाक कुस्तो यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' या पुस्तकात खोल पाण्यात माशाचं रक्त हिरवं दिसल्याचं लिहिलं आहे, ते याचमुळे.

"पण आम्हाला पाण्यात इतकं निळं दिसलं नव्हतं," असं पुष्कळांनी सांगितलं. तेही खरं. आपले डोळे आणि मेंदू आपसांत तडजोड करून घेतात. कॅमेऱ्याला मात्र पांढरं कशाला म्हणायचं ते सांगावं लागतं. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर लावताना आम्ही आधी नुसतं द्रावक ठेवून 'हे शून्य धर' असं यंत्राला सांगतो. त्याला ब्लँक म्हणतात. पाण्याखाली ते काम पांढरी पाटी करते. ज्या खोलीवर चित्रण करायचं, तिथेच पाटी धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स लावायचा. दोन-तीन मीटर वर-खाली गेलात की पुन्हा लावायचा.

दुसरी गोष्ट अंतराची. प्रकाश वरून खाली येतो आणि मग वस्तूवरून कॅमेऱ्यापर्यंत आडवाही जातो. दोन्ही प्रवासांत पाणी आपला कर वसूल करतं. ५ मीटर खोलीवरचा मासा ३ मीटरवरून टिपला, तर एकूण ८ मीटर पाणी झालं आणि तांबडा सुमारे ७ टक्के उरला. अर्ध्या मीटरवर गेलात तर तो १५ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. झूम करून हा फायदा मिळत नाही, जवळच जावं लागतं.

लाल फिल्टरबद्दल गैरसमज फार. तो लाल रंग घालत नाही. जास्तीचा निळा-हिरवा अडवून तराजू सारखा करतो. त्यामुळे चित्र अंधारतं. म्हणून भरपूर ऊन हवं, आणि टॉर्च लावला की फिल्टर काढायला हवा. सुट्टीत मालवणला बुडी मारणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना: तिथल्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती आणि गाळ जास्त, त्यामुळे निळाही खाल्ला जातो आणि हिरवा उरतो. तिथे जांभळट गुलाबी फिल्टर लागतो.

आता कॉम्प्युटरवरची दुरुस्ती. आपोआप रंग सुधारणारी बरीच सॉफ्टवेअर चित्राची सरासरी करडी असावी असं गृहीत धरतात. समुद्रात ती करडी नसते, निळीच असते. मग सॉफ्टवेअर लाल इतका ताणतं, की वाळू गुलाबी होते आणि चित्रावर लाल कण नाचू लागतात. जिथे तांबडा प्रकाश पोचलाच नाही, तिथून तो आणणार कुठून? हैफा विद्यापीठातल्या देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी २०१९ साली 'सी-थ्रू' ही पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक बिंदूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर धरून रंग परत काढतात. मुद्दा पुन्हा तोच: पाण्याने किती घेतलं याचा हिशेब आधी हवा.

हा हिशेब मी का धरून बसले, तेही सांगते. एका क्लिपमध्ये प्रवाळांचा एक पट्टा आहे. आपोआप दुरुस्तीत तो छान गुलाबी झाला. आमच्या समितीतले एक काका बघून खूश! "अगं, हेच ठेव. पोरं टाळ्या वाजवतील." पण त्याच क्लिपमध्ये, त्याच खोलीवर, कोणाच्या तरी हातात पांढरी पाटी होती. तिच्यावरून रंग लावला, तर प्रवाळ पाटीइतकेच पांढरे निघाले. पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्यात राहणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ असे पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली होती.

"काका, पाण्याने घेतलेला रंग मी परत देईन. उन्हाने नेलेला कसा देऊ?" असं मी म्हटलं. काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पांढराच ठेव. पोरांना कारण मात्र तू सांगायचंस." फिल्ममध्ये तो पट्टा पांढराच आहे.

पुढच्या सहलीला प्रत्येक कुटुंबाने भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड आणावा, दोरी बांधून. डागाळलेला चालणार नाही, हळदीचा तर मुळीच नाही! क्लिप देताना चिठ्ठीवर खोली आणि वेळ लिहावी. आणि समुद्रतळाला, प्रवाळाला हात लावू नये, एवढी विनंती.