बोर्डावर न लागलेला फोटो

वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेत लोक बैल घ्यायला येत. 1972 साली आमच्या घरचेही त्यासाठीच गेले होते. बाबा आणि आजोबा बैलबाजारात दात मोजत बसले, आजी देवळात. नव्या सुनेला, म्हणजे माझ्या आईला, आत्याने ओढत फोटोच्या तंबूत नेलं.

बांगलादेशचं युद्ध नुकतंच संपलं होतं. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों 14 डिसेंबरला श्रीनगरवर सेबर विमानांशी लढता लढता गेले, ते नॅट विमानातून. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तंबूतल्या पेंटरने प्लायवूडवर म्हणे नॅटच रंगवलं होतं: निळसर राखी अंग, शेपटीवर तिरंगा. पुढे मात्र पंखा! जेट विमानाला पंखा नसतो हे त्याला कोणी सांगितलं नसावं. तरण्या पोरांना ‘आराधना’तल्या राजेश खन्नासारखं वैमानिक व्हायचं होतं, तेव्हा पंख्याची चौकशी कोण करणार?

आईने मात्र त्या विमानात बसायला नकार दिला. फोटोवाल्या काकांनी तिला आपला काळा गॉगल दिला. “वहिनी, इमानाले टेकून उभ्या राहा. एक हात कमरेवर ठेवा. पदर राहू द्या तसाच, वाऱ्यानं उडाल्यावानी दिसते.” आई हसली आणि तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं.

हाच थाट मी पुढे अमेरिकी छायाचित्रांत पाहिला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या बराकींत बेटी ग्रेबलचा 1943 चा फोटो टांगलेला असे, पाठमोरी उभी राहून खांद्यावरून वळून बघणारी. ‘मेम्फिस बेल’ या बॉम्बर विमानाच्या नाकाडावरची बाई जॉर्ज पेटीच्या चित्रावरून काढलेली. आता तशीच जुनी लढाऊ विमानं उभी करून, लाल लिपस्टिक आणि कुरळ्या केसांच्या बायका त्यांना टेकवून कॅलेंडरं काढतात. कॅलिफोर्नियातली जीना एलिस 2006 पासून अशी कॅलेंडरं विकून माजी सैनिकांसाठी पैसा उभा करते. बाई भिंतीवर लागावी, चारचौघांनी बघावी, म्हणूनच हे फोटो काढायचे.

काकांचा धंदाही भिंतीवरच चाले. तंबूच्या तोंडाशी बोर्ड असे, त्यावर चांगले निघालेले फोटो टाचलेले; ते बघून गिऱ्हाईक आत येई. आईचा फोटो त्या वर्षीचा सगळ्यांत देखणा निघाला होता. बोर्डावर लागता तर निम्मी जत्रा तंबूत शिरली असती. आणि संध्याकाळपर्यंत आजोबांच्या कानावरही गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत्या फोटो आणायला गेली तेव्हा काकांनी बंद पाकीट दिलं. “बोर्डावर नाई लावला,” म्हणाले. “अन् हे निगेटिव्ह बी घेऊन जा. वहिनीच्याच जवळ ठेवा म्हना.” निगेटिव्ह फोटोवाल्याची मिळकत असे, पुढच्या वाढीव प्रतींचे पैसे त्याच्यावरच मिळायचे. त्यांनी ते वर पैसे न घेता देऊन टाकलं. सुनेला सासरी किती जपून हसावं लागतं, हे त्या परक्या माणसाला एका फोटोत कसं कळलं असेल? आईला कोडं पडलं होतं. मलाही अजून पडतं.

काकांना मी कधी पाहिलं नाही. पण आता मासिकासाठी फोटो निवडते, तेव्हा कितीही सुंदर असला तरी आधी त्या बाईला फोन करून विचारते. सहकारी वैतागतात, छपाई खोळंबते. ही खोड माझी नव्हे, त्या तंबूची.

गेल्या दिवाळीला आईला ती विमानांची कॅलेंडरं मोबाइलवर दाखवली. लाजेल असं वाटलं होतं. तिने एकेक पोरगी चष्मा लावून नीट पाहिली, विमानांना पंखे आहेत म्हणून पेंटरची बाजू घेतली, आणि विचारलं, “अन् या पोरींचे निगेटिव्ह कोनाजवळ हायेत?”