हा रंग कशाचा? आकाशाच्या फोटोंविषयी टिपणे

जूनच्या सात-आठ तारखेला मराठवाड्यातल्या बिलोलीत ज्याच्या-त्याच्या तोंडी मृग असतो. मृग निघाला, मृग बरसला, मृग कोरडाच गेला. पण त्या दिवसांत मृग नक्षत्र रात्री दिसत नाही. सूर्यच तेव्हा त्या नक्षत्रात असतो, त्यामुळे मृग त्याच्याबरोबर उगवतो आणि त्याच्याबरोबर मावळतो. तो नीट पाहायचा तर पौष-माघात, तूर काढणीला येते तेव्हा. अंधार पडला की पूर्वेच्या आभाळात हरणाच्या पोटात रुतलेला बाण दिसतो: एका ओळीत तीन ठसठशीत तारे. त्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची आणखी एक लहान ओळ आहे. तिच्यातला मधला ‘तारा’ इतरांसारखा टोचत नाही, तो पुसट असतो. हाच मृगातला तेजोमेघ, आपल्यापासून सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर. आज डोळ्यात शिरणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

साध्या द्विनेत्रीतून तो राखाडी, फार तर हिरवट दिसतो. फोटोत मात्र तो गुलाबी-जांभळा असतो. पोरं विचारतात, ‘मग खरा कोणता?’ दोन्ही खरे. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि डोळ्याला उजेड साठवताही येत नाही. कॅमेऱ्याला येतो. हेन्री ड्रेपर या अमेरिकी डॉक्टरने 30 सप्टेंबर 1880 रोजी याच तेजोमेघाचा फोटो घेतला, तेजोमेघाचा पहिला फोटो. त्यासाठी त्याने फोटोची काच 51 मिनिटं उघडी ठेवली होती. आज मोबाईल तिपाईवर बसवून काही सेकंद उघडा ठेवला, तरी त्या मधल्या ताऱ्याभोवती गुलाबी झाक येते. तो रंग तप्त हायड्रोजनचा आहे. कुणी भरलेला नाही.

*

बिलोलीचा अक्षांश पावणेएकोणीसच्या आसपास. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर असतो आणि स्वाती जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते. उन्हाळ्यात गच्चीवर बाज टाकून झोपणाऱ्या माणसाला मान न वळवता दिसणारा तेजस्वी, नारिंगी तारा तो हाच.

पूर्वेला बोधन-निजामाबादकडचा उजेड आता क्षितिजावर चढलेला दिसतो. मांजरेच्या बाजूला गेलं की आभाळ अजून काळं आहे.

*

खांब. हबल दुर्बिणीने 1995 साली घेतलेला गरुड तेजोमेघाचा फोटो सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, विज्ञानाच्या पुस्तकात किंवा दवाखान्यातल्या कॅलेंडरवर. धुळीचे आणि वायूचे तीन उंच खांब, मागे हिरवट-निळं आभाळ. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी तो तयार केला. त्यातल्या सगळ्यात उंच खांबाची उंची काही प्रकाशवर्षे भरते.

हबलचा कॅमेरा रंगीत फोटो घेतच नाही. त्याला फक्त कमी उजेड आणि जास्त उजेड कळतो. रंग येतो फिल्टरमुळे. एका फिल्टरमधून फक्त ऑक्सिजनचा उजेड आत येऊ द्यायचा, दुसऱ्यातून हायड्रोजनचा, तिसऱ्यातून गंधकाचा. असे तीन कृष्णधवल फोटो हाती आले की एकाला निळा, एकाला हिरवा, एकाला लाल रंग द्यायचा आणि तिन्ही एकमेकांवर ठेवायचे.

इथे खरी मेख आहे. हायड्रोजनचा तो उजेड 656 नॅनोमीटरचा आणि गंधकाचा सुमारे 672 नॅनोमीटरचा. डोळ्याला दोन्ही लालच. जसेच्या तसे दाखवले तर खांब नुसते लालभडक दिसतील आणि हायड्रोजन कुठे संपतो, गंधक कुठे सुरू होतो ते कुणालाच कळणार नाही. म्हणून गंधकाला लाल ठेवलं, हायड्रोजनला हिरवं केलं, ऑक्सिजनला निळं. लांब लहर लालकडे, आखूड लहर निळ्याकडे हा क्रम पाळला, फक्त मधलं अंतर ताणलं. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात नांदेड पिवळा आणि लातूर गुलाबी असतो म्हणून तिथली माती पिवळी-गुलाबी आहे असं कोणी समजत नाही, आणि नकाशा खोटा आहे असंही कोणी म्हणत नाही.

‘हे रंग बनावट आहेत’ असं ठासून सांगणारे लोक मला भेटतात तेव्हा मी हेच तीन फिल्टर समजावून सांगतो. बनावट आणि ठरवून दिलेला यांत मोठं अंतर आहे. ठरवून दिलेल्या रंगाला नियम असतो आणि तो विचारता येतो.

*

दिवाळी आली की एक फोटो मोबाईलवर फिरू लागतो: अंतराळातून दिसणारा दिवाळीच्या रात्रीचा भारत, लाल-निळ्या-हिरव्या-पांढऱ्या दिव्यांनी लखलखलेला. तो दिवाळीचा नाही आणि एका रात्रीचाही नाही. अमेरिकी लष्करी हवामान-उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून क्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने तो 2003 साली बनवला. 1992 च्या आधीपासून असलेले दिवे पांढरे, 1992 मध्ये दिसू लागलेले निळे, 1998 मधले हिरवे, 2003 मधले लाल. म्हणजे इथे रंग उजेडाचा नाहीच, वर्षाचा आहे. गावोगाव वीज कशी पसरत गेली त्याचा तो इतिहास आहे. खरा दिवाळीतला फोटो नासाने 12 नोव्हेंबर 2012 च्या रात्री घेतला. त्यात भारत इतर कोणत्याही रात्रीसारखाच दिसतो, कारण पणत्यांचा जादा उजेड वरून जाणवण्याइतका नसतो.

माझ्या मते पहिला फोटो दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. फक्त त्याच्याखालची ओळ कोणीतरी कापून टाकली.

*

हैदराबादच्या काचा. हे टिपण थोडं लांबेल.

1956 पर्यंत बिलोली हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याच्या राजधानीत आकाशाचे फोटो घेण्याचं फार मोठं काम झालं, आणि मराठवाड्यात त्याची आठवण कोणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. नवाब जफर जंग हे निजामाच्या दरबारातले सरदार. इंग्लंडहून त्यांनी 15 इंची दुर्बीण आणली, आणि 1901 साली निजाम महबूब अली खान यांच्या परवानगीने हैदराबादच्या फिसलबंडा भागात वेधशाळा सुरू केली. ती निजामिया वेधशाळा. नवाबांच्या मृत्यूनंतर 1908 साली सरकारने ती ताब्यात घेतली आणि बेगमपेठेत हलवली. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे गेली.

तेव्हा जगात एक प्रचंड खटाटोप चालू होता. 1887 साली पॅरिसमध्ये ठरलं होतं की सगळ्या आकाशाचे पट्टे पाडायचे, ते वेगवेगळ्या देशांच्या वेधशाळांना वाटून द्यायचे, आणि प्रत्येकीने आपल्या पट्ट्याचे फोटो काढून त्यातला प्रत्येक तारा मोजायचा. चिलीतल्या सांतियागोच्या वाट्याचा पट्टा रखडला होता. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला 17 ते 23 अंशांचा तो पट्टा हैदराबादने अंगावर घेतला. अनुराधा नक्षत्रातले तारे त्यात येतात. पुढे उत्तरेचा 36 ते 39 अंशांचा आणखी एक पट्टाही हैदराबादने केला. अभिजित या पट्ट्यातला. चॅटवुड, पोकॉक आणि त्यांच्यानंतर दीर्घकाळ टी. पी. भास्करन अशा संचालकांच्या हाताखाली हे काम चाललं.

काम असं: प्रत्येक काच आकाशाचा दोन अंश लांब, दोन अंश रुंद तुकडा टिपणार. तिच्यावर आधीच बारीक चौकटींची जाळी छापलेली. काच धुतली की पांढऱ्या आभाळावर काळे तारे दिसत, कारण ती निगेटिव्ह. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि प्रत्येक काळा ठिपका जाळीतल्या रेघांपासून किती दूर आहे ते वाचायचं, लिहायचं, पुढच्या ठिपक्याकडे जायचं. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्या शंभराव्या हिश्शाइतके मंद ठिपकेसुद्धा. लाखो तारे असे हातांनी मोजले गेले आणि त्यांच्या याद्या खंडामागून खंड छापल्या गेल्या.

त्या काचांत पाहणाऱ्याला सुंदर वाटावं असं काहीच नव्हतं. कॅलेंडरवर छापण्याजोगी एकही नसेल. पण 2000 साली टायको-2 ही 25 लाख ताऱ्यांची यादी तयार झाली, तेव्हा युरोपच्या हिपार्कोस उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या जागा शंभरेक वर्षांपूर्वीच्या या काचांवरल्या जागांशी ताडून पाहिल्या गेल्या. दोन्हींतला फरक म्हणजे ताऱ्याची चाल. उपग्रह आजची जागा कितीही अचूक सांगो, कालची जागा त्याला काचेकडूनच घ्यावी लागते. आकाशाचा फोटो ही मुळात मोजणी आहे, हे मला वेब अंतराळ दुर्बिणीच्या रंगीत चित्रांपेक्षा या बिनरंगी काचांनी अधिक पटवलं.

*

आपल्या आकाशगंगेचं वरून दिसणारं चित्र, सर्पिल हात पसरलेले आणि बाणाने दाखवलेलं ‘आपण इथे’, हा फोटो नाही. ते रेखाटन आहे. आकाशगंगेच्या बाहेर जाऊन फोटो काढणारं यान माणसाने अजून पाठवलेलं नाही. वर्गात ते चित्र लावावं, जरूर लावावं, पण खाली ‘रेखाटन’ असं लिहावं.

*

नेपच्यून. 1989 साली व्हॉयेजर-2 त्याच्याजवळून गेलं. त्यावरचे ढग उठून दिसावेत म्हणून त्या फोटोंतला निळा मुद्दाम गडद केला होता, आणि तसं तेव्हा लिहिलंही होतं. हळूहळू ती टीप गळाली, गडद निळा तेवढा उरला. आमच्या पिढीने नेपच्यून शाईसारखा निळाच रंगवला. ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या चमूने 2024 च्या जानेवारीत दाखवून दिलं की युरेनस आणि नेपच्यून रंगाने जवळजवळ सारखेच आहेत: फिकट, हिरवट निळे. नेपच्यूनमध्ये निळा किंचित जास्त, एवढंच.

पाठ्यपुस्तकात हा रंग लवकर दुरुस्त व्हायला हवा.

*

खोडद. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 14 साधारण एका चौरस किलोमीटरच्या आत, बाकीच्या 16 तीन दिशांना 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण. एवढ्या मोठ्या तबकड्या कमी खर्चात व्हाव्यात म्हणून त्यांनी भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून बसवली. वाराही तिच्यातून निघून जातो.

मृगाच्या सरी सुरू झाल्या की डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडावर चालणाऱ्या दुर्बिणी झाकून ठेवाव्या लागतात. खोडदच्या तबकड्या चालू राहतात. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ढग अडवत नाहीत, आणि दिवस-रात्रीचाही तसा फरक पडत नाही.

तिथे फोटो कसा बनतो ते ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. भिंग नाही, फिल्म नाही. 30 तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडी एकच गोष्ट मोजते: एकाच दिशेहून आलेली लहर या दोघींकडे कशी पोहोचली, तिच्यात किती फरक पडला. पृथ्वी फिरते तशी आकाशाकडून पाहता या जोड्यांची मांडणी बदलत जाते आणि नवी मापं मिळत राहतात. मग संगणक त्या आकड्यांतून चित्र उभं करतो. 10 एप्रिल 2019 रोजी जगाने पाहिलेलं एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं नारिंगी कडं याच रीतीने बनलं. तबकड्या तेवढ्या खंडाखंडांवर विखुरलेल्या होत्या आणि लहर 1.3 मिलिमीटरची होती. नारिंगी रंग निवडलेला आहे. कडं मात्र निवडलेलं नाही, ते आकड्यांतूनच आलं.

*

वेब दुर्बिणीच्या फोटोंत तेजस्वी ताऱ्यांना सहा मोठे काटे असतात, हबलच्या फोटोंत चार. ते काटे ताऱ्याचे नसतात, दुर्बिणीचे असतात. वेबच्या आरशाचे 18 षटकोनी तुकडे, आणि पुढचा छोटा आरसा धरून ठेवणाऱ्या दांड्या, यांच्या कडांवरून उजेड पसरतो. ही खूण कळली की फोटो कुठल्या दुर्बिणीचा ते खालची ओळ न वाचताही सांगता येतं. मुलांना याची फार मजा वाटते.

*

अलकनंदा. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या फोटोंत एक दीर्घिका हेरली. 2025 च्या नोव्हेंबरात त्यांचं काम जाहीर झालं. दीर्घिकेला त्यांनी अलकनंदा नाव दिलं. दोन रेखीव सर्पिल हात, मध्ये फुगीर गाभा, व्यास सुमारे 30,000 प्रकाशवर्षे. विश्व अवघं दीडशे कोटी वर्षांचं असतानाची ती आपल्याला दिसते.

फोटोत ती नखाएवढी. पण वेबने आकाशाचा तो भाग 21 फिल्टरमधून टिपला आहे, आणि प्रत्येक फिल्टरमध्ये तिचा उजेड किती, यावरून तिचं अंतर, तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान, धुळीचं प्रमाण असं सगळं काढता आलं. वर्षाला सुमारे 60 सूर्यांइतकं वस्तुमान तिथे ताऱ्यांत बदलतं. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट हा वेग आहे. हेच फोटो साऱ्या जगाला खुले होते, आणि पुण्यात बसून पाहणाऱ्यांना त्यांत ही दिसली, याचा मला मनापासून आनंद आहे.

इतक्या कोवळ्या विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, ढेकळासारख्या असाव्यात असा अंदाज होता. एवढी घडीव तबकडी इतक्या लवकर कशी जमली? तिचे हात आतल्या आत उठलेल्या घनतेच्या लाटेमुळे झाले, की शेजारून गेलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीने? फोटोवरून हे ठरत नाही. त्यासाठी तिच्यातला वायू कुठे आपल्याकडे येतो आणि कुठे दूर जातो ते वर्णपटात मोजावं लागेल. वेबवर त्याचं उपकरण आहे, चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणीलाही ते जमेल.