उत्तरेचा वारा

ग्रीक लोक उत्तरेच्या वाऱ्याला 'बोरेआस' म्हणत. होमरच्या काव्यात तो 'बोरेएस' आहे, अथेन्सच्या बोलीत आखडून 'बोर्रास' झाला, आणि आजच्या ग्रीकमध्ये 'वोरिआस'. बंगाल्यांनी 'व'चा 'ब' केला, ग्रीकांनी उलटं!

गंमत म्हणजे, हाच शब्द उत्तर दिशेलाही चालतो. आपलं तसं नाही. पूर्व म्हणजे पुढची. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला. 'दक्षिण'चा मूळ अर्थच उजवा. आपण दिशा शरीरावरून ठरवली, त्यांनी अंगावर येणाऱ्या वाऱ्यावरून.

या दोन पद्धती एकदा आपल्याच अंगणात भेटल्या. इ. स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण बंदर 'कल्लिएना' म्हणून येतं. दख्खनबद्दल लेखक म्हणतो की इथले लोक दक्षिणेला 'दाखानोस' म्हणतात, म्हणून हा प्रदेश 'दाखिनाबादेस', म्हणजे आपला दक्षिणापथ. अर्थ सांगताना तो शब्द वापरतो 'नोतोस', जे दक्षिणेच्या वाऱ्याचं नाव. उजव्या हाताचं भाषांतर वारा!

कल्याणचा माल मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. तेव्हा 'बोरेआस' म्हणणारं कुणीतरी या वाटेने गेलं असणारच.

शहापूर-मुरबाडकडे वाऱ्याशी खरा संबंध यायचा तो खळ्यावर. भात झोडून झालं की सूप उंच धरून उपणायचं. वारं कुठून येतंय ते बघूनच उभं राहायचं, नाहीतर सगळं फोल डोळ्यांत. वारं पडलं की काम थांबलं. आता विजेचा पंखा लावतात. बायकांच्या खांद्यांना आराम मिळाला, त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण वारं कुठलं, हे विचारायची गरजही संपली, आणि गरज संपली की शब्द फार दिवस राहत नाही.

हेरोडोटस सांगतो की इ. स. पू. ४८० मध्ये इराणी आरमार वादळात फुटलं, तेव्हा अथेन्सकरांनी बोरेआसचे उपकार मानून इलिसोस नदीकाठी त्याचं देऊळ बांधलं. आपल्या खळ्यावरच्या वाऱ्याला कुणी देऊळ बांधणार नाही. त्याची नावं असतील तर ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर या हिवाळ्यात विचारा, थंडीतल्या वाऱ्याला ते काय म्हणायचे. आणि सांगतील ते त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा.