कुत्र्याची छत्री, सापाची छत्री

शिरूरहून दौंडकडे माहेरी जाताना आम्ही न्हावऱ्याचा रस्ता धरतो. घोडनदी मागे पडली की मुरमाड माळ लागतो; पारगावजवळ भीमा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस. हा पट्टा कमी पावसाचा. तरी श्रावणात दोन सरी होऊन ऊन पडले, की बांधावरच्या गवतात रातोरात पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात.

गेल्या वर्षी धाकट्याने तिथेच मोटारसायकल थांबवायला लावली. वीतभर उंच छत्र्या, वर तपकिरी खवले, देठाला बांगडीसारखे कडे. रुमालभर खुडून म्हणाला, "नानी भाजी करेल!"

अम्मीने एक उलटी करून पाहिली. खालच्या पाळ्या पांढऱ्याशुभ्र. शेजारच्या खाला म्हणाल्या, "शिजवताना चांदीचं नाणं टाक. काळं पडलं नाही तर खुशाल खा."

मी भाजी थांबवली. एका उमललेल्या छत्रीचे देठ कापून ती पांढऱ्या कागदावर पालथी घातली, वर वाटी झाकली. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडली होती.

ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस नावाची विषारी अळंबी. उष्ण प्रदेशांत पावसानंतर हिरवळीवर, कुरणात, बांधावर उगवते. कोवळेपणी तिच्या पाळ्या पांढऱ्या असतात, म्हणूनच माणसे फसतात. हिरवटपणा उशिरा येतो. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब सुरू होतात. लहान मुलांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते.

पण भुकटी हिरवी नाही म्हणजे अळंबी खाण्याजोगी, असेही नाही. अमानिता जातीतल्या काही जीवघेण्या अळंब्यांची भुकटी पांढरीच असते. त्यांचा त्रास सहा तासांनंतर, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मध्ये बरे वाटते आणि आत यकृत निकामी होत जाते. हे विष शिजवून जात नाही, चांदीलाही कळत नाही.

म्हणून पक्की ओळख नसेल तर रानातली अळंबी चुलीवर चढवू नये. कुणी खाल्लीच, तर उलटीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. उरलेला तुकडा सोबत न्यावा.

मराठीत हिला कुत्र्याची छत्री म्हणतात, आमच्या उर्दूत साँप की छतरी. दोन्ही भाषांतल्या जाणत्यांनी नावातच इशारा ठेवला आहे.

रुमालातल्या छत्र्या अम्मीने खड्ड्यात पुरल्या. त्या दिवशी आम्ही तांदुळजाची भाजी खाल्ली.