बांबूच्या अलीकडे

माझ्या कपाटात एक जाडजूड वही आहे. शाळेतल्या हजेरीवहीसारखे रकाने मी तिच्यावर पट्टीने आखले होते. पण त्या रकान्यांत मुलांची नावे नाहीत. २६ मार्च २०२० पासून पुढे काही आठवडे आमच्या नायगावच्या वाडीत कोण आले, कोण गेले, किती वाजता आणि कशासाठी, याची ती नोंद आहे. अक्षर माझे आहे. आयुष्यभर फळ्यावर लिहून वळणदार झालेल्या या अक्षराचे पुष्कळांनी कौतुक केले आहे. या वहीतील एका ओळीपाशी मात्र ते अक्षर मला आजही वाचवत नाही. त्या ओळीविषयी हा लेख आहे.

ते दिवस वाचक विसरले नसतील. १३ मार्चला राज्य शासनाने साथरोगाचा कायदा लागू केला. २० मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबई व तिच्या भोवतालचा आपला सारा पट्टा, तसेच पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथील जीवनावश्यक वस्तूंखेरीज सर्व दुकाने ३१ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचे जाहीर केले. २२ मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता गच्च्यागच्च्यांवरून थाळ्या वाजल्या आणि त्याच मध्यरात्री लोकल थांबली. २४ तारखेला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी घोषित केली. नायगावच्या माणसाला लोकल थांबणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. आमच्या झोपेलासुद्धा भाईंदरच्या पुलावरून येणाऱ्या गाडीच्या खडखडाटाची सवय. त्या रात्री सारे शांत झाले आणि वाडीतील म्हातारी माणसे त्या शांततेनेच जागी झाली.

आरंभी लोकांच्या प्रतिक्रिया नाना तऱ्हेच्या होत्या. कोणी हसले. "सर्दी-खोकल्याचं एवढं काय अवडंबर?" असे म्हणणारे सुशिक्षित होते. कोणी तांदळाच्या गोणी घरात आणून टाकल्या. हा मुंबईचा आजार आहे, आपल्याकडे झाडे आहेत, खाडीचा वारा आहे, तो इकडे फिरकणार नाही, असाही एक दिलासा होता. किराणा दुकानदाराने दारासमोर चुन्याची वर्तुळे काढली. पहिले दोन दिवस लोक त्यांत उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी वर्तुळांत पिशव्या ठेवून स्वतः सावलीत घोळका करून गप्पा मारू लागले.

मी मात्र संतुष्ट होतो. आपल्या समाजाला शिस्त नाही, ही माझी जुनी तक्रार. आता ती लागेल, असे मला मनापासून वाटले. म्हणून २६ तारखेला वाडीतील तरुणांनी रस्त्याच्या तोंडावर दोन पिंपे ठेवून त्यांवर बांबू आडवा टाकला आणि "सर, तुम्ही वही सांभाळा" असे म्हटले, तेव्हा मी आनंदाने खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसलो.

त्या खुर्चीवरून मला जे दिसले ते मी पाहत होतो. परंतु समजत नव्हतो.

शेजारच्या वहिनींची सोनचाफ्याची झाडे आहेत. वर्षानुवर्षे त्या पहाटेच्या लोकलने फुलांच्या करंड्या दादरला नेत. लोकल बंद, दादरचा फुलबाजार बंद, देवळे बंद, लग्ने बंद. चाफा मात्र रोज फुलत होता. त्या रोज पहाटे उठून फुले खुडत. न खुडली तर झाड बिघडते म्हणत. आणि ती सोन्यासारखी फुले खताच्या खड्ड्यात ओतत. एकदा बांबूपाशी थांबून त्या म्हणाल्या, "मास्तर, फुलाला सरकारचा हुकूम कुठं कळतो?" मी हसलो. त्यांना हसू आले नव्हते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

आमच्या समाजात उपवासकाळात लग्ने होत नाहीत. ईस्टरनंतर मे अखेरपर्यंत ती एकामागून एक लागतात. वाडीतल्या शिंप्याने त्या हंगामासाठी उधारीवर कापड भरून ठेवले होते. बँडमध्ये वाजवणारे, मांडववाले, जेवण रांधणारे या सर्वांचे वर्ष त्या सात-आठ आठवड्यांवर चालते. तिकडे कोळीवाड्यात बोटी नांगरून पडल्या होत्या. स्टेशनजवळच्या केशकर्तनालयाचा चालक उत्तर प्रदेशातला. एके दिवशी तो हातात लहानशी पेटी घेऊन बांबूपलीकडे उभा राहिला. घरोघरी जाऊन, तोंडाला फडके बांधून केस कापतो, म्हणाला. आम्ही त्याला परत पाठवले. मे महिन्यात वसईच्या सनसिटी मैदानावर गावी जाणाऱ्या गाड्यांसाठी हजारो श्रमिक उन्हात ताटकळत बसले, त्यांत तोही होता, असे पुढे कळले.

आणि मी? माझे निवृत्तिवेतन महिन्याच्या आरंभी बँकेत जमा झाले होते. टाळेबंदीने माझा एक रुपयाही बुडवला नव्हता. मला शिस्त इतकी का आवडत होती, याचे उत्तर माझ्या बँकेच्या पुस्तकात होते.

पवित्र सप्ताह आला. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार झावळ्यांविना गेला. चर्चचे दार बंद. मिस्सा दूरदर्शन संचावर आणि भ्रमणध्वनीवर. २७ मार्चला पोप फ्रान्सिस रोममधील संत पेत्राच्या चौकात भर पावसात एकटेच प्रार्थनेला उभे राहिलेले आम्ही पाहिले होते. तो ओला, रिकामा चौक काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या वर्षी पवित्र गुरुवारच्या उपासनेतून पाय धुण्याचा विधी गाळावा, अशी सूचना व्हॅटिकनने दिली होती. ते योग्यच होते.

तो पवित्र गुरुवार ९ एप्रिलला होता. दिवेलागणीच्या वेळी ती आली. आमच्याच वाडीची सून, मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका. आणि त्याही आधी माझी विद्यार्थिनी. सातवीला तिला मी इतिहास शिकवला होता. सलग बारा दिवस काम करून, अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या एसटीने वसईपर्यंत येऊन ती तिथून चालत आली होती. तोंडावरील मुखपट्टीचे वळ गालांवर उमटले होते. घरी चार वर्षांची मुलगी वाट पाहत होती.

तरुणांनी बांबू उचलला नाही. "ताई, चौदा दिवस बाहेरच राहा. वाडीत म्हातारी माणसं आहेत," एकजण म्हणाला. ती त्याच्याशी वाद घालत नव्हती. आपली तपासणी झाली आहे, आपण मागच्या खोलीत वेगळे राहणार आहोत, मुलीला दुरूनच पाहणार आहोत, एवढे तिने शांतपणे सांगितले. मग तिने माझ्याकडे पाहिले. "सर," एवढेच म्हणाली.

वाडीतील म्हाताऱ्या माणसांपैकी मीही एक होतो. मला भीती वाटत होती. मी वहीत मान घातली आणि लिहिले: वेळ, नाव, कोठून आली, आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'परत पाठवले'.

तीच ती ओळ.

ती अंधारात पुन्हा चालत गेली. दुसऱ्या दिवशी कोणा ओळखीच्या सिस्टरांनी तिची राहण्याची सोय केल्याचे समजले. त्या रात्री घरी आम्ही दोघे मिस्सा पाहत बसलो. पाय धुण्याचा विधी नव्हता. मिस्सा संपल्यावर बायको एकच वाक्य बोलली, "ती तर बारा दिवस तेच करून आली होती." मी उठून अंगणात गेलो.

वाचकहो, मी इतिहासाचा शिक्षक. २०२० साली ज्या कायद्याने आमची दुकाने बंद झाली तो कायदा १८९७ सालचा. तो का झाला, हे मी किती इयत्तांना शिकवले याची गणती नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते गोव्याचे, आपल्याच धर्माचे. धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. पुढे प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने जवळजवळ अर्धी मुंबई रिकामी झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. तेच रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखले जाते आणि मार्च २०२० मध्ये मुंबईतील करोनाचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले गेले. पुण्यात गोरे सैनिक घराघरांत शिरले, माणसांना ओढून नेले, सामान जाळले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले वारल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोहोचवले होते आणि तोच रोग त्यांना जडला.

हे सर्व शिकवताना मी वर्गाला नेहमी विचारीत असे: "तुम्ही त्या वेळी असता तर काय केले असते?" मुले उत्साहाने हात वर करीत. सगळी सावित्रीबाईंच्या बाजूला असत. रँडच्या पथकात कोणीच नसे. मीही, अर्थात, नसे. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा माझ्या हाती बंदूक नव्हती, फक्त पेन होते. पण दार अडवणाऱ्यांत मी होतो, आणि रुग्णाला हात लावणारी बांबूच्या पलीकडे होती.

येथे एक गैरसमज नको. बंदी चुकीची होती, असे मी म्हणत नाही. लस नव्हती, औषध ठाऊक नव्हते. माणसांना माणसांपासून दूर ठेवणे हाच तेव्हा उपाय होता. व्हिएगस डॉक्टरांचे निदानही लोकांना गैरसोयीचे होते, पण ते खरे होते. बंदी झुगारणाऱ्यांचे मी समर्थन करीत नाही. १४ एप्रिलला टाळेबंदी वाढली तेव्हा वांद्रे स्थानकाबाहेर जमाव जमला. ४ मे रोजी दारूची दुकाने उघडली तेव्हा रांगा लागल्या. २२ जुलैला एसटी बंद केल्यामुळे नालासोपाऱ्यात नोकरदार रुळांवर उतरले. या तिन्ही गर्दींना आम्ही खुर्चीत बसून एकच नाव दिले: बेशिस्त. वास्तविक दारूच्या रांगेत उभा असलेला माणूस वेगळा आणि आजचा दिवस भरला नाही तर नोकरी जाईल म्हणून रुळांवर उतरलेला माणूस वेगळा. एवढा भेद करायला फार बुद्धी लागत नाही. त्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहावे लागते. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे. पण शेजारधर्म म्हणतात तो यासाठीच, की ज्याचे जळत नाही त्यालाही थोडी धग लागावी.

बंदीचा हेतू माणूस वाचवणे हा असतो. आम्ही बांबू आडवा टाकला, पण त्याच दिवशी बसून दोन प्रश्न विचारले नाहीत: या बंदीची किंमत कोण मोजणार आहे, आणि बाहेर राहिलेल्याची सोय कोण करणार आहे? वाडीत दोन घरे रिकामी होती. किल्ल्या आमच्यापाशी होत्या. ती परिचारिका त्यांतल्या एका घरात चौदा दिवस राहू शकली असती आणि तिची लेक तिला खिडकीतून पाहू शकली असती. हे त्या संध्याकाळी मला सुचले नाही. वही लिहिण्यात मी गर्क होतो.

जूनमध्ये मी तिच्या घरी गेलो. तिने खुर्ची दिली, चहा दिला. मी क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, त्या मुलांचा मला राग नाही. ती घाबरली होती. तुम्हीही घाबरला होता, ते मला दिसलं. फक्त तुम्ही वहीतून मान वर केली नाहीत, तेवढं लक्षात राहिलं." तिने क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. तसे विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. पुन्हा निर्बंध, पुन्हा बंद दुकाने. तरुण पुन्हा माझ्याकडे वही मागायला आले. मी नवी वही काढली, पण रकाने बदलले. या वेळी बांबू टाकण्याआधी त्या दोन घरांपैकी एकाची झाडलोट करून तिथे खाटा टाकल्या. शिंपी, बँडवाले, चाफेवाल्या वहिनी यांच्या घरी काय हवे, नको, हे पहिल्या पानावर लिहिले. निवृत्तिवेतन घेणारे आम्ही सहाजण वाडीत होतो. प्रत्येकाने महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढली. हे काही मोठे कार्य नव्हे. ज्यांचे काही बुडत नव्हते त्यांनी थोडे बुडू दिले, इतकेच.

आता लोकल पूर्वीसारखी धावते. वहिनी पहाटे करंड्या घेऊन दादरला जातात. लग्नात बँड वाजतो. केशकर्तनालयात दुसरा माणूस आहे. पहिला परत आलाच नाही. पहिली वही मात्र कपाटात तशीच आहे. बायको अधूनमधून म्हणते, "जाळून टाका ती." मी जाळत नाही. दरवर्षी पवित्र गुरुवारी, पाय धुण्याच्या विधीला चर्चमध्ये जाण्याआधी, मी ती उघडतो, ती एक ओळ वाचतो आणि मग निघतो.