फेरफार

हिमायतनगरचं जुनं नाव वाढोणा. परमेश्वराच्या देवळाचं गाव. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते आणि तिथल्या रेवड्या, पेढे आमच्याही घरात येतात. गावात आमच्या घराला किरिस्तावाचं घर म्हणतात. त्यात कुणाचा राग नसतो. सुताराचं घर, कुंभाराचं घर, तसं किरिस्तावाचं.

माझा आजा निजामाच्या राज्यात रेल्वेवर गँगमन होता. मुदखेड-आदिलाबाद लाइनीवर रूळ ठोकता ठोकता इकडं आला आणि इथलाच झाला. आजी जालन्याकडची. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं होतं. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, बाप्तिस्मा १८४३ सालचा. सालारजंगानं दिलेल्या जमिनीवर त्यांनी मांग-महारांच्या घरांना आसरा दिला. आजीचे वाडवडील त्यातले. आजीला अक्षर येत नव्हतं, पण भजनं तोंडपाठ होती आणि ती सगळी ओवी-अभंगाच्या चालीवरची. लहानपणी मला वाटायचं, येशू आमच्या पैनगंगेच्याच काठी कुठंतरी जन्मला असंल.

म्हणजे विश्वास माझ्याकडं वडिलोपार्जित आला, कोरडवाहू जमिनीसारखा. बाप्तिस्मा झाला तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. तू मानतोस का, असं मला कुणी विचारलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते माझ्या पुतण्यानं, तेव्हा माझी साठी उलटली होती.

पोरगा नांदेडला शिकायला होता. हुशार, वाचणारा. दिवाळीच्या सुट्टीत आला. आम्ही सोयाबीनची पोती लावत होतो. मधीच म्हणाला, "काका, एक विचारू? आज्यानं आपला धर्म कामून सोडला? ज्वारीच्या पोत्यासाठीच ना?"

मी म्हणलं, "तुला कोण सांगितलं?"

"सगळेच म्हणतात. आन् झालं काय? देव तर कुणाला दिसला नाही, सर्टिफिकिट तेवढं गेलं."

त्याचं दुसरं वाक्य खरं होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना दिली. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर. आमच्या आज्याच्या भावकीतले जे ख्रिस्ती झाले नाहीत, त्यांच्या नातवांना जी सवलत आहे ती माझ्या पुतण्याला नाही. गावानं पाणवठ्यावर वागवताना मात्र आज्याला आणि त्याच्या भावाला सारखंच वागवलं. धर्म बदलला म्हणून कुणी घागर पुढं केली नाही. हे पोराच्या जिवाला लागलेलं होतं आणि लागायलाच पाहिजे.

पहिल्या वाक्याबद्दल मात्र मी त्याला म्हणलं, "बापू, बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. सगळं गाव खडी फोडायला जायचं. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, पाटलानंबी खाल्ली आन् आम्हीबी खाल्ली. शाळेत सुकडी सगळ्याच लेकरांनी खाल्ली. किती जणं किरिस्ताव झाले रे?" भूक लागली की माणूस मिळंल ते खातो. पण पोट भरल्यावरही तीन पिढ्या एखादी गोष्ट धरून ठेवतो, सर्टिफिकेट घालवून धरतो, तेव्हा कारण पोत्यात सापडत नाही.

पोरगा हसला, पण त्यानं सोडलं नाही. म्हणाला, "महात्मा फुले मिशनच्या शाळेत शिकले. पाद्र्यांत उठबस केली. बायबल वाचलं. तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना जे कळलं ते आज्याला कळलं नाही का?" आणि जाताना फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' माझ्या हातात देऊन गेला.

आता मी दहावी शिकलेला माणूस. पण वाचायचा नाद आहे. हरभऱ्याच्या जागलीला रात्री माळ्यावर बॅटरीच्या उजेडात ते पुस्तक वाचलं. फुल्यांच्या निधनानंतर १८९१ साली ते छापलं गेलं. त्यात देवाला त्यांनी निर्मिक म्हटलंय आणि मधले दलाल काढून टाकलेत. मला ते पटलं. वाचताना मन डळमळलंही. आपण आजपर्यंत जे धरून बसलो ते आपलं, का फक्त आज्याचं? ख्रिसमसची चांदणी, आईची भजनं, बापाचा धाक, एवढं बाजूला काढलं तर खाली काय उरतं?

मग मी बाकीच्यांना काय उरलं ते बघायला लागलो. तालुक्याच्या वाचनालयात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मिळालं. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. डब्यात एका गोऱ्या साहेबाची भेट झाली, त्यानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन टिळक अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सगळं त्यांचं त्यांनी ठरवलं, बायकोला विचारलं नाही. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढं त्या नवऱ्याकडं आल्या, तरी सोवळं सोडलं नाही. नवरा कवी, पंडित, शब्दांत हरणारा नव्हता. पण तो म्हणतो म्हणून या बाईनं काही मानलं नाही. एक दिवस तिनं स्वतःलाच विचारलं की जात देवानं केली का माणसानं? उत्तर आलं तशी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला मोकळी झाली. तेव्हा ती ख्रिस्ती झालेलीबी नव्हती. बाप्तिस्मा १९०० साली घेतला, नवऱ्याच्या मागं पाच वर्षांनी, स्वतःच्या पायानं चालत.

पंडिता रमाबाईंचं तर आणखी वेगळं. १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि मग तिथल्याच सिस्टरांशी पत्रापत्री करून वाद घातले. तुम्ही सांगता म्हणून सगळं मानायला मी आले नाही, असा त्यांचा बाणा. पुढं १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, त्यात कबूल केलंय की मला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मागाहून सापडला. याच बाईंनी केडगावला दुष्काळातल्या पोरी सांभाळल्या आणि हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं.

हे वाचलं आणि मला तलाठी सज्जातली नोटीस आठवली. बाप वारला म्हणजे जमीन पोराची होते, पण सातबाऱ्यावर नाव यायला फेरफार लागतो. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत देतो. कुणाची हरकत आली तर ती ऐकावी लागते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. माझ्या विश्वासाचं तसंच. वारसानं जमीन कसत होतो, फेरफार राहिला होता. पुतण्यानं हरकत घेतली आणि ती ऐकल्याशिवाय नोंद होणार नव्हती.

तर उरलं काय, ते सांगतो. आमच्या शेजारच्या धुऱ्याचं जुनं भांडण. शेजाऱ्यानं दरसाल एकेक तास करत धुरा आमच्याकडं सरकवला. मोजणी झाली, तहसीलच्या चकरा झाल्या, बोलणं बंद झालं. एका मिरगाला पेरणीच्या तोंडावर त्याचा बैल लागला, वीज पडून. ओल चालली होती. माझी जोडी दावणीला मोकळी. त्या रात्री मला झोप नव्हती. प्रभूची प्रार्थना मी रोज म्हणतो. मराठीत तिथं ऋण असा शब्द आहे. शेतकऱ्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. आम्ही २००८ ची कर्जमाफी बघितली, २०१७ ची बघितली, २०१९ ची बघितली. यादीत नाव येतं का म्हणून बँकेच्या भिंतीशी उभे राहिलो. या प्रार्थनेतल्या माफीला अट एकच आहे. आपलं ज्याच्याकडं निघतं त्याला आधी सोडायचं, मगच आपलं मागायचं. शेजाऱ्याकडं माझे सात-आठ तास निघत होते.

सकाळी जोडी नेऊन त्याच्या तिफणीला जुंपली. तो काही बोलला नाही, मीबी बोललो नाही. धुरा अजून तिथंच आहे, सरळ झालेला नाही. पण त्याच्या घरचं लग्न आलं तेव्हा पहिली पत्रिका आमच्या दारात आली.

हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, ही माणुसकी झाली. ह्याला येशू कशाला पाहिजे?"

मी म्हणलं, "तुला लागत नसंल. तू भला आहेस. मला माझं मन म्हाईत आहे. रातभर ते तासं मोजत होतं. त्याला उठवून दावणीपस्तोर न्यायला कुणीतरी लागलं. मी त्याला येशू म्हणतो. आजीनं नाव सांगितलं होतं, ओळख मला त्या रात्री झाली."

तो गप्प झाला. पटलं असं नाही. फुल्यांचं पुस्तक मी त्याला परत केलं नाही, अजून माझ्याकडंच आहे, बायबलाच्या शेजारी. त्यातल्या मधल्या दलालांच्या पानांवर मी पेन्सिलनं खुणा केल्यात, कारण दलाल आमच्याकडंबी आहेत. नवस बोलायला लावून पैसे घेणारे, तेल मंतरून देणारे. त्यांच्यापुढं मान डोलवायची माझी सवय त्या जागलीतच गेली.

पोरगा आता नोकरीला आहे. प्रार्थनेला येत नाही, मी बोलवतही नाही. सर्टिफिकेटाचा प्रश्न कोर्टात पडून आहे, त्याच्या बाजूनं मी कुठंही सही करायला तयार आहे. त्याच्या घरी लेकरू झालं तेव्हा त्यानं फोन केला, "काका, बाप्तिस्म्याचं आई लावून धरायली. काय करू?"

मी म्हणलं, "आईचं मन मोडू नको. पण लेकरू मोठं झालं की त्याला विचार. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."